चिअर्स! पण कुणाच्या तब्येतीला?

आपल्या महाराष्ट्रात दारू पिण्याचा परवाना कशासाठी मिळतो, माहितीये? मजेसाठी नाही, ऑफिसचं टेन्शन घालवण्यासाठी तर नाहीच नाही. १९४९ च्या दारूबंदी कायद्यानुसार तो मिळतो प्रकृती सांभाळण्यासाठी! म्हणजे शुक्रवारी रात्री लोअर परळ आणि कोरेगाव पार्कात जी गर्दी उसळते, ती सगळी कागदोपत्री औषधोपचार घेत असते. बॉसला 'मेडिकल रीझन' म्हणून सांगायला हरकत नाही!

विनोद सोडा, पण ही कल्पना काही एकट्या सरकारची नाही. सर्दी झाली की चमचाभर ब्रँडी आपल्या आज्यांनीही दिलीये. गोव्यात तर घरटी फेणीचं कौतुक. आणि गेली तीसेक वर्षं एक वाक्य आपण सगळ्यांनीच ऐकलंय, की थोडी घेतली तर हार्टला चांगली असते, त्यातून साठीनंतर तर फारच चांगली.

हे वाक्य यंदा माझ्या घरात आलं. बाबा ६८ वर्षांचे, बँकेतून रिटायर्ड, बीपीची गोळी रोज सकाळी. आई गेल्यापासून त्यांचा आठवड्यातला एकच ठरलेला कार्यक्रम, शुक्रवारी सोसायटीच्या गच्चीवर चौघांचा अड्डा. त्यातले तिघं 'थोडी' घेतात, बाबा खारे दाणे खातात. तर मागच्या महिन्यात चहा पिताना म्हणाले, "काय गं, रोज एक ग्लास रेड वाइन हार्टला बरी असते म्हणे. सुरू करू का?"

आता बोला! आयुष्यात थेंबाला न शिवलेला माणूस साठी उलटल्यावर श्रीगणेशा करायला निघाला, तोही तब्येतीसाठी. मी काही दारूबंदीवाली नाही, वीकेंडला वाइन मलाही आवडते. पण बाबांना "घ्या हो, काही होत नाही" म्हणणं आणि मैत्रिणीला म्हणणं यात फरक आहे. म्हणून म्हटलं, आधी जरा खोलात जाऊ.

ही सगळी भानगड गाजली ती १९९१ साली. अमेरिकेतल्या 'सिक्स्टी मिनिट्स' या टीव्ही कार्यक्रमाने विचारलं, की फ्रेंच लोक एवढं चीज आणि बटर खाऊनही त्यांना हार्ट अटॅक कमी कसे? उत्तर सुचवलं गेलं, रेड वाइन. झालं! अमेरिकेत रेड वाइनचा खप धडाधड वाढला. अभ्यासांचे आलेखही तसेच यायचे, इंग्रजी 'जे' अक्षरासारखे. अजिबात न पिणाऱ्यांना धोका थोडा जास्त, थोडी पिणाऱ्यांना सगळ्यात कमी, आणि पुढे जसजशी मात्रा वाढेल तसा धोका वर वर.

पण गोम आहे ती 'अजिबात न पिणाऱ्यांत'. या गटात असतं कोण? त्यात जन्मभर न प्यायलेले असतात, तसेच लिव्हर बिघडल्यामुळे, अटॅक आल्यामुळे किंवा डॉक्टरांनी दम भरल्यामुळे सोडलेलेही असतात. असे आजारी लोक एका गटात घातले, की दुसरा गट आपोआप टुणटुणीत दिसतो. ब्रिटनमधल्या गेराल्ड शेपर यांनी १९८८ मध्येच हे दाखवून दिलं होतं. पण पार्टीत असलं बोलणाऱ्याचं कोण ऐकतंय?

२०२३ मध्ये संशोधकांनी १०७ अभ्यास एकत्र घेतले, मिळून सुमारे ४८ लाख माणसं. अशा चुका वजा करून पाहिलं, तर थोडी पिणारे जन्मभर न पिणाऱ्यांपेक्षा जास्त जगतात, असं काही ठामपणे दिसलं नाही. आणि रेड वाइनमधलं ते सुप्रसिद्ध रेस्वेराट्रॉल? इटलीत कियांती म्हणजे वाइनचं माहेरघर. तिथल्या ६५ च्या पुढच्या ७८३ जणांच्या लघवीत ते किती उतरतं ते मोजलं. ज्यांच्यात जास्त, ते जास्त जगले का? हार्टचे आजार कमी झाले का? नाही. हा निष्कर्ष २०१४ चा. तेव्हा नाशिकची द्राक्षं आहेत तशीच खाल्लेली काय वाईट!

आता दुसरी बाजू, नाहीतर म्हणाल एकतर्फी लिहिते. जगभरातल्या आजारांचा हिशेब ठेवणाऱ्या एका मोठ्या अभ्यासाने २०२२ मध्ये म्हटलं, की चाळिशीच्या आत दारूचा आरोग्याला काहीच फायदा नाही. (हो, हे आपल्यासाठी!) पण चाळिशीनंतर अगदी थोड्या मात्रेत हार्ट, डायबेटिस वगैरेंबाबत काहींना थोडा फायदा असू शकतो. डिसेंबर २०२४ मध्ये अमेरिकेतल्या नॅशनल अकॅडमीजच्या समितीलाही, बेताने पिणाऱ्यांत एकूण मृत्यूचं प्रमाण कधीच न पिणाऱ्यांपेक्षा कमी दिसलं. पण त्याच अहवालात स्त्रियांच्या ब्रेस्ट कॅन्सरचा धोका वाढलेलाही दिसला. म्हणजे केस पूर्ण बंद झालेली नाही. ती बंद करायला अमेरिकेत एक मोठी चाचणी सुरू झाली होती. चिठ्ठ्या टाकून माणसं निवडायची, काहींना रोज एक ड्रिंक द्यायचं, काहींना काहीच नाही. पण तिचा पैसा मद्यकंपन्यांकडून मागितला गेल्याचं बाहेर आलं आणि २०१८ मध्ये ती गुंडाळली गेली.

कॅन्सरच्या बाबतीत मात्र शंका नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संस्थेने १९८८ मध्येच मद्याला पहिल्या गटात टाकलंय, तंबाखूच्या पंगतीला.

आणि बाबांच्या वयाचं काय? २०२४ मध्ये ब्रिटनमधल्या साठीपुढच्या १,३५,१०३ पिणाऱ्यांचा अभ्यास आला. ज्यांची तब्येत आधीच नाजूक किंवा परिस्थिती बेताची, त्यांच्यात थोडी पिणाऱ्यांनाही, अगदी क्वचित पिणाऱ्यांपेक्षा मृत्यूचा धोका जास्त होता. हार्टचा फायदा कुठल्याच गटात दिसला नाही. जेवणासोबत किंवा वाइनच घेणाऱ्यांत नुकसान थोडं कमी दिसलं, इतकंच.

कारण साधं आहे. वयाबरोबर शरीरातलं पाणी कमी होतं, म्हणून चाळिशीतला एक पेग सत्तरीत जास्त चढतो. तोल जातो, आणि या वयात बाथरूममध्ये पडणं म्हणजे खुब्याचं हाड. झोप लवकर लागते, पण पहाटे मोडते. शिवाय गोळ्या! झोपेच्या, रक्त पातळ करणाऱ्या, डायबेटिसच्या, बऱ्याच गोळ्यांचं दारूशी जमत नाही. बीपी तर ती स्वतःच वाढवते.

वर आपलं माप. अमेरिकेत एक ड्रिंक म्हणजे १४ ग्रॅम अल्कोहोल. आपल्या ६० मिलीच्या पेगमध्ये साधारण २० ग्रॅम, आणि ६५० मिलीच्या माइल्ड बिअरच्या बाटलीत २५ च्या आसपास. त्यामुळे "मी फक्त दोनच घेतो" म्हणणारे काका तिकडच्या हिशेबाने जवळपास तीन घेत असतात. घरी अंदाजाने ओतत असतील तर विचारूच नका.

हे सगळं मी बाबांना सांगितलं. त्यांनी बँकेतल्या सवयीने नीट ऐकून घेतलं आणि मग हळूच म्हणाले, "अगं, पण ते तिघं चिअर्स करतात तेव्हा मी नुसता बघत बसतो."

प्रश्न हार्टचा नव्हताच, निदान डॉक्टरवाल्या हार्टचा नव्हता. आणि गंमत म्हणजे आलेखातलं रहस्यही थोडंफार तिथेच आहे. जे 'बेताने' पितात ते बहुतेकदा खाऊनपिऊन सुखी असतात, फिरायला जातात, त्यांना चार मित्र असतात. श्रेय मात्र लाटते वाइन! आता आमच्या फ्रिजमध्ये शुक्रवारसाठी कोकमचं सरबत आणि सोडा असतो. ग्लास काचेचा, बर्फ घातलेला, रंग तोच. बाबांचाही चिअर्स होतो.

तेव्हा मंडळी, तुमचे आई-बाबा कधीच घेत नसतील तर औषध म्हणून सुरू करू देऊ नका. आधीपासून थोडी घेत असतील तर नुसतं लेक्चर देऊ नका, माप आणून द्या. पुढच्या चेकअपला सोबत जा, गोळ्यांचा डबा न्या, आणि किती घेतात ते डॉक्टरांना खरंखरं सांगा. आणि या वीकेंडला पार्टीचा प्लॅन कॅन्सल झालाच, तर त्यांच्यासोबत तासभर बसा. त्याला परवानाही लागत नाही.