हंगाम सुरू होण्याआधी



पाऊस ओसरून जमीन वाळू लागली की नाशिकच्या मोटारसायकल गॅरेजांत दोन तऱ्हेची मुले दिसतात. एक सायलेन्सर बदलून आवाज वाढवून घ्यायला आलेली. दुसरी इंजिन खोलून आत काय झिजले आहे ते पाहायला आलेली. लांबून दोघे सारखेच दिसतात. तेच वय, तीच तेलकट बोटे, गाडीबद्दलचे तेच वेड. घरच्यांनाही ते सारखेच वाटतात आणि म्हणून दोघांनाही एकच ओरडा बसतो: "गाडीचा नाद सोड!"

पण दोघांत फरक आहे आणि तो आईबापांना ओळखता आला पाहिजे. पहिला मुलगा रस्त्यावर पळणार आहे. दुसरा कदाचित ट्रॅकवर पळण्याची तयारी करतो आहे. या महिन्यात त्या दुसऱ्या मुलाविषयी बोलू.

नाशिकला हा नाद नवा नाही. सातपूर-अंबडच्या कारखान्यांनी या शहराला यंत्राची सवय लावली. डिझेल इंजिनाचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यामुळे एका चौकाचे नावच 'मायको सर्कल' पडले. गॅरेजमध्ये पोरगा पाने-पक्कड उचलून देता देता उस्तादाचा हात बघून शिकतो, ही पद्धत आपल्या अनेक घरांना ठाऊक आहे. शर्यतीही इथे होत आल्या आहेत. वेस्टर्न इंडिया स्पोर्ट्स असोसिएशन, म्हणजे 'विसा', ही संस्था नाशिकचीच. 'रॅली ऑफ महाराष्ट्र' ही राष्ट्रीय मालिकेतली रॅली नाशिकच्या परिसरात भरत आली आहे. पुण्यात बालेवाडीच्या मैदानावर २८ जानेवारी २०२४ रोजी इंडियन सुपरक्रॉस रेसिंग लीगची पहिली फेरी झाली, तेव्हा मातीच्या उंचवट्यांवरून उडणाऱ्या गाड्या पाहायला खूप गर्दी लोटली होती.

मातीवरच्या शर्यतीचा एक जुना, फार साधा प्रकार म्हणजे स्पीडवे. तो १९२० च्या दशकात ऑस्ट्रेलियात वाढला, १९२८ मध्ये इंग्लंडला पोहोचला आणि १९३६ मध्ये लंडनच्या वेम्ब्लीवर त्याची पहिली जागतिक अंतिम स्पर्धा झाली. ती ऑस्ट्रेलियाच्या लायनेल व्हॅन प्रागने जिंकली. अंडाकृती मातीचा ट्रॅक, चार स्वार, चार फेऱ्या, साधारण एका मिनिटात निकाल. पहिल्याला ३ गुण, दुसऱ्याला २, तिसऱ्याला १, चौथ्याला काही नाही. गाडी ५०० सीसीची, मिथेनॉलवर चालणारी, एकाच गिअरची. आणि ऐकून दचकाल, तिला ब्रेकच नसतो! सगळे डावीकडेच वळतात. मागचे चाक घसरवत, लोखंडी तळाचा डावा बूट जमिनीला टेकवत वळण घेतात. गाडी बंद करणाऱ्या स्विचची दोरी स्वाराच्या मनगटाला बांधलेली असते, म्हणजे तो पडला की इंजिन आपोआप थांबते.

आपल्याकडे स्पीडवेचा नियमित हंगाम नाही. इथली मुले डर्ट ट्रॅक, सुपरक्रॉस आणि रॅलीकडे वळतात. पण ब्रेक नसलेल्या त्या गाडीतून एक गोष्ट समजते. तिथला वेग बेफिकिरीचा नाही. दोरी मनगटाला बांधल्याशिवाय कोणी सुरुवातीच्या रेषेवर येत नाही. पडणार हे धरूनच तयारी केलेली असते.

हौशी रेसर म्हणजे कोण? दिवसा वर्कशॉपमध्ये, दुकानात किंवा कॉलेजात असणारा आणि उरलेल्या वेळात, उरलेल्या पैशांत शर्यत खेळणारा. त्याच्या मागे कंपनी नसते. मागे असते ते घर. म्हणून त्याची तयारी ही सगळ्या घराची बाब होते.

आधी गाडीचे पाहू. शर्यतीच्या गाडीचे आरसे, इंडिकेटर, साइड स्टँड काढून टाकतात, कारण पडल्यावर त्यांचेच तुकडे लागतात. इंजिन खोलून पिस्टन-रिंग, व्हॉल्व्हची फट, क्लच प्लेट तपासतात. मातीवर पळणाऱ्या गाडीचा खरा शत्रू धूळ. एअर फिल्टर प्रत्येक सरावानंतर धुऊन, वाळवून, तेल लावून बसवला नाही तर बारीक वाळू आत जाते आणि सिलिंडरला ओरखडे पडतात. मग रिबोअरचा खर्च आलाच. चाकाच्या तारा घट्ट आहेत का, चेनचा ताण बरोबर आहे का, पुढच्या शॉकअपमधून तेल गळते का, ब्रेकचे पॅड किती उरले, हे सारे वहीत लिहून ठेवणारा मुलगा दिसला तर समजावे की तो योग्य रस्त्यावर आहे. अशी गाडी रस्त्यावर चालवायची नसते. ती 'छोटा हत्ती'त घालून मैदानावर न्यायची आणि तशीच परत आणायची. घरापासून ट्रॅकपर्यंत तीच गाडी पळवत जाणारा रेसर नव्हे.

मग शरीर. बघणाऱ्याला वाटते की सगळे काम गाडी करते, स्वार नुसता बसलेला असतो. प्रत्यक्षात तो बहुतेक वेळ पायांवर उभाच असतो. काही मिनिटांतच मनगट ते कोपर हा भाग दगडासारखा घट्ट होतो, बोटांत जोर राहत नाही आणि क्लच-ब्रेक दाबता येईनासे होतात. यावर उपाय महिनोन्‌महिन्यांचा व्यायाम. फजरनंतर पांडवलेणीच्या पायऱ्या, गंगापूर धरणाच्या दिशेने सायकल, बैठका, पाठ-पोट-मानेचे व्यायाम. यातले कशालाही पैसे पडत नाहीत. जो मुलगा तीन महिने पहाटे उठू शकत नाही, त्याच्या हातात भारी गाडी देऊन उपयोग नाही. अम्मींनी ही परीक्षा जरूर घ्यावी.

रमजानचा प्रश्न अनेक घरांत येतो. चांद्रवर्षामुळे रमजान दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकतो, म्हणून कधी ना कधी तो शर्यतींच्या दिवसांत येणारच. रोजा ठेवून दुपारच्या उन्हात, अंगावर जाड गार्ड घालून गाडी पळवणे धोक्याचे. पाणी कमी पडले की थकव्याच्या आधी लक्ष उडते, आणि या खेळात लक्ष उडणे म्हणजेच पडणे. त्या महिन्यात गाडीचा सराव थांबवून गॅरेजचे काम करावे, इफ्तारनंतर काही वेळाने हलका व्यायाम करावा. वर्षाचे वेळापत्रक आखतानाच हा महिना बाजूला ठेवला तर शर्यतही चुकत नाही आणि रोजाही.

आता पैशांचे. हौशी मुलांची नेहमीची चूक म्हणजे सगळे पैसे गाडीचा वेग वाढवण्यात घालायचे आणि हेल्मेट मित्राचे मागून आणायचे. क्रम उलटा हवा. आधी अंगावरचे सामान: चेहरा पूर्ण झाकणारे, डोक्याला घट्ट बसणारे हेल्मेट, नडगीपर्यंतचे बूट, छाती-पाठीचे गार्ड, गुडघे-कोपरांचे पॅड, हातमोजे, डोळ्यांवर गॉगल. मग शिकवणी. गाडीवरचा खर्च सर्वांत शेवटी. एकदा जोरात आपटलेले हेल्मेट बाहेरून चांगले दिसले तरी बाद समजावे, कारण आतला थर्माकोलसारखा थर एकदाच धक्का झेलतो. म्हणून जुन्या बाजारातले हेल्मेट घेऊ नये.

हे फक्त रेसरपुरते नाही. जगभरातल्या अभ्यासांचा एकत्र आढावा घेतला तेव्हा हेल्मेटमुळे दुचाकीस्वाराच्या मृत्यूचा धोका सुमारे ४२ टक्क्यांनी आणि डोक्याच्या दुखापतीचा सुमारे ६९ टक्क्यांनी कमी होतो असे दिसले. केंद्र सरकारच्या अहवालानुसार २०२२ मध्ये भारतात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे गेली, आणि त्यांत शंभरातली चव्वेचाळीसहून अधिक दुचाकीवरची होती. ही माणसे ट्रॅकवर गेलेली नाहीत. कामाला, लग्नाला, दूध आणायला जाताना गेली आहेत. मुलाच्या शर्यतीला घाबरणारे अब्बू स्वतः उघड्या डोक्याने द्वारका सर्कल ओलांडत असतील, तर मुलगा त्यांचे का ऐकेल?

कागदपत्रांकडे कोणी लक्ष देत नाही, पण तिथेच घर फसते. देशात या खेळाची मान्यताप्राप्त संस्था म्हणजे फेडरेशन ऑफ मोटर स्पोर्ट्स क्लब्ज ऑफ इंडिया. तिच्या मान्यतेच्या स्पर्धेत उतरायला तिचे स्पर्धा-लायसन्स लागते, वाहन चालवण्याचे साधे लायसन्स पुरत नाही. अशा स्पर्धेत वळणांवर झेंडे घेऊन माणसे उभी असतात: पिवळा म्हणजे पुढे धोका, कोणाला ओलांडू नका; लाल म्हणजे थांबा; चौकड्यांचा म्हणजे शर्यत संपली. रुग्णवाहिका आणि डॉक्टर हजर असतात. तुमचा मुलगा जिथे जातो तिथे हे आहे का, ते एकदा स्वतः जाऊन पाहा. आणि विमा! मोटारसायकलच्या नेहमीच्या पॉलिसीत शर्यत आणि वेगचाचणी वगळलेली असते. बहुतेक अपघात विम्यांतही तसेच. तेव्हा शर्यतीत हात मोडला तर खर्च कोण करणार, हे आधी विचारून, लेखी घेऊन ठेवावे.

आता पहिल्या मुलाकडे येऊ, जो रात्री गंगापूर रोडवर आवाज काढत पळतो. मोटार वाहन कायद्याच्या कलम १८९ नुसार रस्त्यावर शर्यत लावणे हा गुन्हा आहे. पहिल्या वेळी ३ महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपये दंड किंवा दोन्ही. पुन्हा केल्यास एक वर्षापर्यंत कैद किंवा १०,००० रुपये दंड किंवा दोन्ही. मुलगा अठराच्या आतला असेल तर कलम १९९-अ थेट पालकांवर येते: २५,००० रुपये दंड आणि ३ वर्षांपर्यंत कैद. गाडीची नोंदणी वर्षभरासाठी रद्द होते आणि त्या मुलाला पंचविशीपर्यंत लायसन्स मिळत नाही. पण कायद्यापेक्षा मोठी गोष्ट वेगळीच आहे. ट्रॅकवर पडणारा स्वतःची जोखीम घेऊन उतरलेला असतो. रस्त्यावर त्याच्या समोर येणारी म्हातारी, शाळेतून येणारे पोर, भाजीची गाडी ढकलणारा माणूस, यांना कोणी विचारलेले नसते.

म्हणूनच, नादी मुलाला सरसकट 'नाही' म्हणण्याआधी थोडे थांबावे. घरातून 'नाही' मिळाले की नाद सुटतोच असे नाही. पुष्कळदा तो फक्त लपतो. लपलेल्या नादाला हेल्मेट नसते, उस्ताद नसतो, डॉक्टर नसतो, आणि पडल्यावर घरी फोन करायची हिंमतही नसते.

ज्यांनी नाव काढले त्यांच्याकडे पाहा. चेन्नईचे आर. ए. अब्दुल्ला मोटारसायकल शर्यतीतले राष्ट्रीय विजेते. त्यांची मुलगी अलिशा लहानपणी गो-कार्टपासून सुरू होऊन मोटारसायकलींवर आली आणि पुढे तिने मुलींना रेसिंग शिकवण्यासाठी अकादमी काढली. मुलीने हा खेळ घरातल्या मोठ्या माणसाच्या नजरेसमोर शिकला, ही त्यातली महत्त्वाची गोष्ट. केरळच्या शोरनूरचा हरिथ नोआ २०२३ च्या डाकार रॅलीत मणक्याच्या दुखापतीने बाहेर पडला. वर्षभराने सौदी अरबच्या वाळवंटात त्याने २०२४ च्या डाकारमध्ये आपल्या 'रॅली २' वर्गात पहिला क्रमांक मिळवला. त्या दोन बातम्यांच्या मधले वर्ष दुरुस्तीचे, व्यायामाचे आणि सबुरीचे होते. आपल्या मुलांना जिंकलेल्या दिवसाचा व्हिडिओ दिसतो, ते वर्ष दिसत नाही. ते आपण दाखवायला हवे.

तरीही 'नाही' म्हणण्याच्या जागा आहेत, आणि तिथे घराने ठाम राहावे. व्याजाने पैसे काढून किंवा बहिणीच्या लग्नाला ठेवलेल्या पैशांतून गाडी घ्यायची असेल तर नाही. मान्यता नसलेल्या, डॉक्टर नसलेल्या मैदानावर असेल तर नाही. डोक्याला मार लागून चक्कर, उलटी, विसरल्यासारखे होणे असे काही झाले असेल, तर डॉक्टर परवानगी देईपर्यंत गाडीवर बसायचे नाही, मग दुसऱ्या दिवशी अंतिम फेरी का असेना. आणि शिक्षण किंवा रोजगार सुटत असेल तरीही नाही. हौशी खेळाने घर चालत नाही, घरानेच तो खेळ चालतो.

माता-भगिनींना एक सुचवते. या हंगामाआधी मुलाला समोर बसवा आणि ओरडण्याऐवजी तीन प्रश्न विचारा. कुठे पळणार? सोबत मोठे कोण आहे? पडलास तर पहिला फोन कोणाला करणार? तिन्हींची सरळ उत्तरे आली तर एकदा त्याच्याबरोबर गॅरेजपर्यंत जा, त्याच्या उस्तादाशी बोला, हेल्मेटचा पट्टा स्वतःच्या हाताने ओढून पाहा. उत्तरे देताना त्याची नजर खाली गेली, तर गाडीची किल्ली त्या दिवसापुरती तुमच्याकडे राहू द्या आणि बोलणे दुसऱ्या दिवशी पुन्हा सुरू करा.

अल्लाह सगळ्यांच्या लेकरांना सुखरूप घरी आणो.