कन्सोलच्या युद्धात पक्षांतर करा, बिनधास्त!

गेल्या दिवाळीत माझ्या मामेभावाने गेमिंग कन्सोल घ्यायचं ठरवलं. पार्टटाइम नोकरीतून साठवलेले पैसे आणि त्यात बसणारा एक्सबॉक्स सिरीज एस. महिन्याची वर्गणी भरली की ढीगभर गेम खेळता येतात, हा त्याचा साधा हिशोब. पण मी पडले प्लेस्टेशनवाली. भावंडांच्या ग्रुपवर मी त्याची इतकी खेचली, की पठ्ठ्याने ईएमआयवर पीएस-फाइव्ह उचलला. आज कन्सोल घरात आहे, हप्ते चालू आहेत आणि नवा गेम घ्यायला खिशात दमडी नाही.

तुमच्याही ग्रुपवर असं एखादं भांडण चालू असेलच. म्हणून विचारते, आपण नक्की कुणासाठी भांडतोय?

जरा मागे जाऊ. जून १९९१, शिकागोचं इलेक्ट्रॉनिक्स प्रदर्शन. निन्टेन्डोच्या साथीने सीडीवर चालणारं मशीन आणतोय, असं सोनीने तिथे जाहीर केलं. दुसऱ्याच दिवशी निन्टेन्डोने फिलिप्सशी हातमिळवणी जाहीर केली! चारचौघांत नाक कापलं गेल्यावर सोनीने स्वतःचंच मशीन काढलं. डिसेंबर १९९४मध्ये जपानात आलेला प्लेस्टेशन तो हाच. ज्या कंपन्यांसाठी आपण दोस्ती तोडायला निघतो, त्यांची आपसातली दोस्ती एका रात्रीत मोडते.

आता कुणी म्हणेल, स्पर्धेमुळे आपलाच फायदा होतो. शंभर टक्के मान्य! ऐंशीच्या दशकात अमेरिकेत निन्टेन्डोचं एकछत्री राज्य होतं. तेव्हा त्यांच्यासाठी केलेला गेम दोन वर्षं दुसऱ्या कन्सोलवर आणायचा नाही, अशी अटच ते कंपन्यांना घालायचे. सेगाने टक्कर दिली, तेव्हा कुठे ही पकड सैल झाली.

मे १९९५चा किस्सा तर भारीच आहे. लॉस एंजेलिसमध्ये सेगाने आपला सॅटर्न ३९९ डॉलरला जाहीर केला. त्याच दिवशी सोनीचे स्टीव्ह रेस मंचावर आले, ‘२९९’ एवढंच बोलले आणि खाली उतरले. काही महिन्यांत सेगालाही २९९वर यावं लागलं. पुढच्या वर्षी दोघेही १९९वर आले.

पण हे भाव कुणामुळे उतरले? ‘काही झालं तरी मी सेगाच घेणार’ म्हणणाऱ्यांमुळे नक्कीच नाही. ते गिऱ्हाईक तर खिशातच होतं. भाव उतरले ते कुंपणावर बसलेल्यांमुळे, जे कुठल्याही क्षणी समोरच्या दुकानात गेले असते. राजकारणातलं पक्षांतर आपल्याला आवडत नाही, ठीक आहे. बाजारात मात्र तेच आपलं एकमेव हत्यार आहे.

आणि निष्ठेचं फळ काय मिळतं, तेही बघा. सेगाचा ड्रीमकास्ट काळाच्या पुढे होता, इंटरनेटसाठी मोडेम आतच होता. तरीही जानेवारी २००१मध्ये सेगाने तो बंद करत असल्याचं जाहीर केलं. त्याच वर्षी सेगाचा लाडका सोनिक निन्टेन्डोच्या मशीनवर धावू लागला. २००७मध्ये तर मारिओ आणि सोनिक एकाच ऑलिम्पिकच्या गेममध्ये एकत्र आले. ज्या दोघांवरून शाळेशाळेत भांडणं झाली, ते एका डब्यावर फोटोला उभे!

आजही तेच चाललंय. मायक्रोसॉफ्टचा ‘सी ऑफ थीव्ज’ २०२४मध्ये पीएस-फाइव्हवर आला, पुढच्या वर्षी ‘फोर्झा होरायझन ५’ आला. सेनापती तिकडे तह करून मोकळे झाले, आपण मात्र इकडे तलवारी परजत बसलोय.

गेमवर जीव लावा, त्यात काहीच गैर नाही. मीही लावते. पण कन्सोल घेताना तीनच प्रश्न विचारा: बजेट किती, खेळायचंय काय आणि दोस्त कशावर खेळतात? ग्रुपवर कोण हसेल, हा प्रश्न त्यात नाही. आणि हसणारी तुम्हीच असाल, तर माझ्यासारखं करू नका.

या रविवारी मी मामाकडे जातेय. सोबत एक गेम आहे, माझ्या पहिल्या स्टायपेंडमधून घेतलेला. सॉरी म्हणायला तेवढं तर हवंच ना!