खुल्या वायफायचे यजमानपद

नारपोलीसारख्या वस्तीत विनामूल्य वायफाय ही आता चैनीची गोष्ट राहिलेली नाही. यंत्रमागांवर दिवसपाळी-रातपाळी करणारे कितीतरी कामगार परमुलखातून आलेले असतात. घरी बोलणे, पैसे धाडणे, मुलांचे अर्ज भरणे, सारे मोबाइलवरच होते. अशा ठिकाणी एखाद्या दुकानदाराला, वाचनालयाला किंवा सभागृहाच्या विश्वस्तांना आपले वायफाय लोकांसाठी खुले करावेसे वाटले, तर तो सद्भावच म्हणावा लागेल. पूर्वी वाटेवर पाणपोई घालत, त्याच जातीचे हे काम आहे. फरक इतकाच, की पाणी पिऊन गेलेल्या वाटसरूने पुढे काय केले, हे पाणपोई घालणाऱ्याला कोणी विचारीत नसे. वायफायच्या यजमानाला मात्र विचारतात.

याचे उदाहरण आपल्या ठाणे जिल्ह्यातलेच आहे. २६ जुलै २००८ रोजी अहमदाबादेत साखळी बॉम्बस्फोट झाले. त्यापूर्वी काही मिनिटे वृत्तवाहिन्यांकडे एक ईमेल आला होता. त्याचा माग काढीत पोलीस नवी मुंबईतील सानपाड्याच्या एका घरी पोहोचले. घरात राहणाऱ्या गृहस्थाचे वायफाय असुरक्षित होते आणि ते कोणीतरी परस्पर वापरले होते. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये माटुंग्यातील एका महाविद्यालयाच्या आणि सप्टेंबरमध्ये, दिल्लीतील स्फोटांच्या वेळी, चेंबूरमधील एका कंपनीच्या वायफायचा असाच दुरुपयोग झाला. पुढे फेब्रुवारी २००९ मध्ये दूरसंचार विभागाने सार्वजनिक वायफाय वापरणाऱ्याची ओळख पटविण्याविषयी सूचना काढल्या. छायाचित्रासह ओळखपत्राची प्रत घ्यावी किंवा मोबाइलवर संदेशाने सांकेतिक शब्द पाठवावा, असा त्यांचा रोख होता. आज स्थानकावर किंवा विमानतळावर आपल्याला ओटीपी मागतात, त्याचे मूळ येथे आहे.

असे का घडते, हे समजून घेणे कठीण नाही. तुमच्या राउटरला पन्नास मोबाइल जोडलेले असोत. सर्वसाधारणपणे बाहेरच्या जगाला त्या सर्वांचा मिळून एकच पत्ता दिसतो, आणि तो तुमच्या नावावर असतो. चाळीतील साऱ्या खोल्यांची पत्रे एकाच दारावर यावीत तसे. आत कोणत्या वेळी कोण होते याची नोंद नसेल, तर दारावर नाव असलेल्यालाच उत्तर द्यावे लागते. सर्वांना एकच पासवर्ड सांगून हा प्रश्न सुटत नाही. भिंतीवर चिकटवलेला पासवर्ड आठवडाभरात गल्लीला पाठ होतो. शिवाय वापरणारा कोण, हे त्यातून कळत नाहीच.

म्हणून राउटरची सेटिंग उघडल्यावर नाव आणि पासवर्ड भरून थांबू नये. सर्वात मोलाची सोय आहे ती ‘गेस्ट नेटवर्क’ची. पाहुण्यांचे जाळे वेगळे ठेवले, म्हणजे दुकानातील हिशेबाचा संगणक, छपाईयंत्र आणि कॅमेऱ्यांचे चित्रण त्यांच्या आवाक्याबाहेर राहते. त्याच्याच शेजारी बहुधा ‘एपी आयसोलेशन’ किंवा ‘क्लायंट आयसोलेशन’ असा पर्याय असतो. तो सुरू केला की एका पाहुण्याच्या मोबाइलला दुसऱ्याच्या मोबाइलपर्यंत पोहोचता येत नाही. तो बंदच राहिलेला अनेकदा आढळतो, आणि त्याचा धोका यजमानाला नव्हे, पाहुण्याला असतो. राउटरचा स्वतःचा व्यवस्थापक-पासवर्डही पहिल्याच दिवशी बदलावा. कारखान्यातून आलेला पासवर्ड पुष्कळदा यंत्राच्या पाठीवरच छापलेला असतो.

काही ठिकाणी नाव व क्रमांक लिहून घेण्यासाठी गल्ल्यावर वही ठेवतात. हेतू चांगला असेल, पण पाच लेकीबाळींचे मोबाइल क्रमांक सहाव्या माणसासमोर उघडे पडतात, हे कोणाच्या ध्यानात येत नाही. त्यापेक्षा वही नसलेली बरी.

आता एक घरगुती वाटणारी, पण नेहमी नडणारी गोष्ट. सभागृहात लग्नाला तीनशे माणसे जमतात आणि तासाभरात ‘नेट चालत नाही’ अशी ओरड सुरू होते. दोष इंटरनेट कंपनीच्या माथी मारला जातो. वस्तुतः राउटर प्रत्येक मोबाइलला एक अंतर्गत पत्ता ठरावीक मुदतीने देतो. नेहमीच्या मांडणीत असे जास्तीत जास्त अडीचशेच्या आसपास पत्ते असतात, आणि मुदत पुष्कळदा २४ तासांची असते. सकाळी येऊन गेलेला पाहुणा संध्याकाळपर्यंत पत्ता अडवून बसतो. ही मुदत तासाभरावर आणली, तर पत्ते लवकर मोकळे होतात. अर्थात, तीनशे जण एकाच वेळी जोडले जाणार असतील तर पत्त्यांची संख्याही वाढवावी लागेल, आणि एका लहान राउटरवर हा भार टाकू नये हे वेगळे सांगायला नको.

दाट वस्तीत २.४ गिगाहर्ट्झची लहर गजबजलेली असते. तेथे १, ६ आणि ११ एवढेच चॅनेल एकमेकांत न मिसळणारे. त्यांतील कमी गर्दीचा निवडावा आणि शक्य तेथे ५ गिगाहर्ट्झही चालू ठेवावी. पत्र्याच्या भिंतीपलीकडे लहर पोहोचावी म्हणून शक्ती पूर्ण वाढवण्याचा मोह होतो. मात्र राउटरचा आवाज मोबाइलपर्यंत गेला, तरी मोबाइलचा क्षीण आवाज परत यायला हवा. पत्र्याच्या अलीकडे-पलीकडे दोन लहान ॲक्सेस पॉइंट लावणेच श्रेयस्कर.

राहिला प्रश्न ओळख पटविण्याचा. तो दुकानदाराने एकट्याने सोडवावा अशी अपेक्षा आता नाही. ९ डिसेंबर २०२० रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने ‘पीएम-वाणी’ योजनेस मंजुरी दिली. तीत वायफाय पुरवणाऱ्या दुकानदाराला परवाना, नोंदणी वा शुल्क लागत नाही. त्याच्या वरच्या पायरीवर एक नोंदणीकृत संस्था असते. वापरणाऱ्यांची ओळख आणि हिशेब ही बाजू ती सांभाळते. घरगुती जोडणी तशीच लोकांना वाटण्यास अनेक कंपन्यांच्या करारात मनाई असते, म्हणून जोडणी घेतानाच या योजनेसाठीची मागावी. जून २०२५ मध्ये ट्रायने अशा जोडणीच्या दरावर मर्यादा घातली आहे: २०० एमबीपीएसपर्यंतच्या वेगासाठी घरगुती ग्राहकाच्या दराच्या दुपटीहून अधिक आकारता येत नाही. विक्रेत्याने कार्यालयीन दराचे पत्रक पुढे केले, तर हे त्याला नम्रपणे सांगावे.