'अनिवार्य' कोणी ठरवायचे?

विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आणि जुने संगणक बदलण्याचा प्रश्न कार्यालयांपुढे उभा राहिला. नवी मुंबईतील ऐरोली-महापे पट्टाही त्याला अपवाद नाही. कर्मचाऱ्याने कार्यालयीन खात्यातून प्रवेश करताच नव्या संगणकावर ठरलेली सॉफ्टवेअर आपोआप बसावीत, यासाठी मायक्रोसॉफ्टची 'ऑटोपायलट' ही पद्धत २०१७ पासून उपलब्ध आहे.

मेख आहे ती 'अनिवार्य' यादीत. त्यातील सर्व सॉफ्टवेअर बसेपर्यंत संगणक अडवून धरता येतो. त्यासाठीची मूळ मुदत ६० मिनिटांची. ती उलटली की पडद्यावर त्रुटीचा संदेश झळकतो. प्रत्येक विभागाने आपली मागणी यादीत घुसवली, तर नव्या कर्मचाऱ्याचा पहिला दिवस वाट पाहण्यातच सरतो. यादी फारच आखडली, तर संगणक संरक्षणाविनाच कामाला लागतो. २०२४ मध्ये आलेल्या या पद्धतीच्या नव्या आवृत्तीत आरंभी १० सॉफ्टवेअरचीच मर्यादा होती, हे सूचक आहे.

विषाणूरोधक, सुरक्षित जोडणी व ईमेल आधी. हिशेबाची वा आरेखनाची अवजड सॉफ्टवेअर मागाहून, हा क्रम व्यवहार्य ठरतो. मात्र कोणाची मागणी थांबवायची, हे संगणक विभाग एकटा ठरवू शकत नाही. ती जबाबदारी व्यवस्थापनालाच घ्यावी लागेल.