भाड्याचे घर आणि निवृत्तीची पुंजी

निवृत्तीच्या वेळी हाती पडणारा भविष्यनिर्वाह निधी एखाद्या सदनिकेत गुंतवावा आणि तिच्या भाड्यावर उरलेले आयुष्य निश्चिंतपणे काढावे, हा विचार मध्यमवर्गात इतका रुळला आहे की त्याचा हिशेब मांडून पाहण्याची गरज फारशी कोणास वाटत नाही. परंतु शिक्षकाची वा कारकुनाची पुंजी एकदाच साठते. ती अडकून पडली तर पुन्हा उभी करण्यास वय उरलेले नसते.

घर भाड्याने देण्याची जी धास्ती महाराष्ट्रात अजून आढळते, तिचे मूळ जुने आहे. १९४७ च्या मुंबई भाडेनियंत्रण कायद्याने भाडी गोठविली. टंचाईच्या त्या काळात ते आवश्यकच होते. पण तात्पुरता म्हणून आलेला हा पाहुणा वारंवार मुदतवाढ घेत अर्धशतक मुक्काम ठोकून बसला. पुढे १ फेब्रुवारी १९७३ रोजी केवळ परवान्याने राहत असलेल्यांनाही भाडेकरूचे संरक्षण मिळाले. तेव्हापासून ज्याच्यापाशी दुसरे घर, त्याचा भरवसा माणसापेक्षा कुलुपावर अधिक.

३१ मार्च २००० पासून अमलात आलेल्या महाराष्ट्र भाडेनियंत्रण अधिनियमाने ही परिस्थिती बदलली आहे, हे अद्याप अनेकांच्या ध्यानी आलेले नाही. 'लिव्ह अँड लायसन्स'ची मुदत संपल्यावर राहणाऱ्याने घर सोडले नाही, तर मालकास सक्षम प्राधिकाऱ्याकडे दाद मागता येते व तोवरच्या काळासाठी दुप्पट शुल्क आकारता येते. मात्र करार लेखी व नोंदणीकृत हवा. अकरा महिन्यांच्या करारास नोंदणी लागत नाही, ही समजूत महाराष्ट्रात सपशेल चुकीची आहे. नोंदणीची जबाबदारी कायद्याने मालकावरच टाकली असून, ती न केल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद वा पाच हजार रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. शिवाय वाद उद्भवल्यास, विरुद्ध सिद्ध होईपर्यंत, अटींविषयी राहणाऱ्याचे म्हणणे ग्राह्य धरले जाते. चार पैसे वाचविण्यासाठी केवढी ही जोखीम!

आता हिशेब. समजा, सदनिका पन्नास लाखांची आहे. मुद्रांक शुल्क व नोंदणीपोटी आणखी तीन लाख गेले. भाडे दरमहा तेरा हजार, म्हणजे वर्षाला १,५६,००० रुपये. त्यातून सोसायटीची वर्गणी तीस हजार, मालमत्ता कर आठ हजार, रंगरंगोटी, नळदुरुस्ती व दलाली पंधरा हजार आणि घर रिकामे राहिल्याचा एक महिना वजा करावा. उरतात नव्वद हजार. त्रेपन्न लाखांवर पावणेदोन टक्केही नाहीत! साधी मुदतठेव याहून अधिक देते. कर्ज काढून घर घेतले असेल, तर भाड्यातून व्याजही फिटणार नाही. घराची किंमत वाढेलच, असे यावर सांगितले जाते. वाढेलही, पण औषधपाण्याला पैसे लागले म्हणून सदनिकेची एक खोली विकता येत नाही.

तरीही घेणे असेल तर आकडेमोड मिळणाऱ्या निव्वळ भाड्यावर करावी, भावी किमतीवर नव्हे. आणि सारी पुंजी एकाच दारात ओतू नये. बाहेरचा माणूस ठेवला म्हणून गृहनिर्माण संस्थेने वाटेल ती रक्कम मागितली, तर २००१ च्या शासन आदेशानुसार बिनभोगवटा शुल्क सेवाशुल्काच्या दहा टक्क्यांहून अधिक घेता येत नाही, हे तिला दाखवून द्यावे. आपल्या संस्थांचे पदाधिकारी या आदेशाविषयी सोयीस्कर अज्ञान बाळगतात!

दुसऱ्या बाजूस राहणाराही बहुधा बदली होऊन आलेला कोणी नोकरदारच असतो. त्याची अनामत रक्कम हे मालकाचे उत्पन्न नव्हे. ती मुलीच्या लग्नात खर्चून टाकायची आणि करार संपल्यावर 'पुढचा माणूस आला की देतो' म्हणून त्या कुटुंबास ताटकळत ठेवायचे, हा प्रकार सर्रास चालतो. पावतीवर घेतलेली ही रक्कम बँकेत स्वतंत्र ठेवावी आणि किल्ली हाती येईल त्याच दिवशी, खरोखरीच्या नुकसानीपुरती वजावट करून, परत द्यावी.