हॉटेलचे बिलही पट्टीसारखे वाचा



माल विकून पट्टी हातात आली, की आपण ती तशीच खिशात घालत नाही. वजन किती लावले, हमाली-तोलाई किती धरली, हे आधी पाहतो. पण दवाखान्यासाठी किंवा कृषी प्रदर्शनासाठी शहरात जाऊन हॉटेलात उतरलो आणि मुलाच्या क्रेडिट कार्डावर बिल भागवले, की त्या कागदाकडे कोणी पाहत नाही. पुढे बँकेचा हिशेब येतो, आणि जास्तीचे पैसे कुठे गेले यावरून घरात बोलाचाली होते.

हिशेब सोपा आहे. दिवसाला ७,५०० रुपयांपर्यंत भाडे असलेल्या खोलीवर २२ सप्टेंबर २०२५ पासून जीएसटी ५ टक्के आहे. खोली १,५०० रुपयांची, तर कर ७५, एकूण १,५७५. यापेक्षा जास्त आकारले असेल, तर ते कशाचे हे काउंटरवरच विचारा. ‘सर्व्हिस चार्ज’ असे उत्तर आले, तर ध्यानात घ्या, हा सरकारी कर नव्हे. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाच्या ४ जुलै २०२२ च्या सूचनांप्रमाणे हॉटेलने तो आपणहून बिलात लावायचा नाही. देणे-न देणे गिऱ्हाईकाच्या मर्जीवर आहे. दिल्ली उच्च न्यायालयाने २८ मार्च २०२५ रोजी या सूचना उचलून धरल्या.

काही हॉटेले खोली देतानाच कार्डावर अनामत म्हणून रक्कम अडकवून ठेवतात. ती किती आणि केव्हा सुटेल, हे विचारून घ्या.

निघून आल्यावर जादा रक्कम कापल्याचा मेसेज आला, तर असे करा :

१. हॉटेलला लेखी कळवा. बिलाची प्रत जोडा.

२. दाद लागली नाही, तर कार्ड देणाऱ्या बँकेला लेखी तक्रार द्या आणि तक्रार क्रमांक घ्या. तक्रारीपासून ३० दिवसांच्या आत बँकेने खुलासा करायचा, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. वाद नसलेली बाकी मात्र मुदतीत भरा, नाहीतर व्याज चढेल.

३. व्यवहार आपण केलेलाच नसेल, तर त्याच दिवशी बँकेला कळवून कार्ड बंद करा. तीन कामकाजाच्या दिवसांत कळवणे फार महत्त्वाचे. उशीर झाला तर नुकसान आपल्या अंगावर येऊ शकते.

४. बँकेने ३० दिवसांत उत्तर दिले नाही, किंवा दिलेले उत्तर पटले नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जा. तिथे फी नाही. हॉटेलविरुद्धची तक्रार १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंदवता येते.

या सगळ्याला आधार एकच, हातातला कागद. म्हणून खोली घेतानाच भाडे लिहून घ्या, निघताना पक्के बिल मागा, आणि पुढच्या महिन्याचा बँकेचा हिशेब येईपर्यंत ते पट्ट्यांच्या फाइलीत लावून ठेवा. घरातल्या शिकत्या मुलामुलींकडून दोन्ही कागद ताडून घ्या.