शिबिर उठल्यानंतर

हिवाळा लागला की जयपूरच्या महाविद्यालयांत राष्ट्रीय सेवा योजनेची आणि विद्यार्थी-नेतृत्वाची शिबिरे भरू लागतात. सात दिवस प्रभातफेऱ्या निघतात, एखाद्या दत्तक खेड्यातील गल्ल्या झाडल्या जातात, शाळेच्या भिंतींना चुना लागतो, रात्री शेकोटीभोवती गाणी होतात, आणि अखेरच्या दिवशी प्रमुख पाहुण्यांच्या हस्ते दाखले वाटून झाले की ज्या बसने हे तरुण आले त्याच बसने ते शहरात परततात. या सात दिवसांत त्यांच्या चेहऱ्यांवर जे तेज दिसते ते अस्सल असते, याविषयी माझ्या मनात तिळमात्र शंका नाही. परंतु त्या तेजाचे पुढे काय होते, ही मुले तीन वर्षांनी कोठे असतात आणि ज्या गावाने त्यांना आपल्या ओसरीवर जेवू घातले त्या गावाला त्यांतील कोणाचे नाव तरी आठवते काय, हा प्रश्न विद्यापीठाच्या कोणत्याही दप्तरात नोंदलेला नसतो. आफ्रिकेतील अनेक देशांतही नेतृत्व-शिक्षणाचे कार्यक्रम आज हिरिरीने चालले आहेत आणि तेथील विचारी माणसांनाही हाच प्रश्न पडलेला आहे.

स्वतंत्र भारताने आरंभीच्या काळात या प्रश्नाला भिडण्याचा एक गंभीर प्रयत्न केला होता, ही गोष्ट आता विस्मृतीत गेली आहे. १९५९ साली आपल्या चिंतामणराव देशमुखांच्या अध्यक्षतेखाली राष्ट्रीय सेवेचा विचार करण्यासाठी एक समिती नेमण्यात आली आणि तिने अशी शिफारस केली की, माध्यमिक शिक्षण संपवून महाविद्यालयात जाऊ इच्छिणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्याने नऊ महिने ते एक वर्ष सक्तीने राष्ट्रसेवा करावी, आणि तीत काही लष्करी शिक्षण, समाजसेवा, अंगमेहनत आणि सामान्य शिक्षण या चारही गोष्टींचा समावेश असावा. खर्चाचा बोजा आणि अंमलबजावणीच्या अडचणी या कारणांस्तव ती तजवीज मंजूर झाली नाही. पुढे दहा वर्षांनी, गांधी-जन्मशताब्दीच्या वर्षी, २४ सप्टेंबर १९६९ रोजी, ३७ विद्यापीठांतील सुमारे ४०,००० विद्यार्थ्यांना घेऊन जी राष्ट्रीय सेवा योजना सुरू झाली, तिच्या नियमांत दोन वर्षांत मिळून २४० तासांचे काम आणि सात दिवसांचे एक निवासी शिबिर एवढीच अपेक्षा उरली. या योजनेने लक्षावधी मुलांना पहिल्यांदा खेड्याची वाट दाखवली, हे तिचे ऋण मान्य करूनही, नऊ महिन्यांच्या कल्पनेचे सात दिवस होताना हातचे बरेच काही निसटले, असे मला वाटते.

मुदत वाढवल्याने सर्व साधले असते, असेही नाही. नायजेरियाने १९७३ साली, यादवी युद्धाच्या जखमा ताज्या असताना, पदवीधरांसाठी एक वर्षाची सक्तीची सेवा सुरू केली आणि तरुणांना स्वतःच्या प्रांताबाहेर पाठवण्याचा शिरस्ता पाडला. परंतु वर्ष भरले, गणवेश उतरला, की त्या तरुणापुढेही नोकरीचा तोच यक्षप्रश्न उभा राहतो. शिबिर सात दिवसांचे असो वा वर्षाचे, ते संपल्यानंतरच्या दिवसाची व्यवस्था कोणी केलेली नसेल तर दोन्हींचा शेवट सारखाच होतो. ही व्यवस्था म्हणजे नेमके काय, हे समजून घेण्यासाठी जयपूरच्या माणसाला फार लांब जाण्याचे कारण नाही.

१९७५ साली जयपूरच्या विद्यापीठाच्या आवारात लागलेल्या आगीत सापडलेल्यांच्या मदतीसाठी काही प्राध्यापक आणि विद्यार्थी एकत्र आले आणि त्यांनी तरुण भारत संघ नावाची संस्था स्थापन केली. अशा संस्था तेव्हा गावोगाव निघत होत्या आणि त्यांतील बहुतेकींचे आयुष्य संस्थापकांच्या पदवीपरीक्षेइतकेच असे. या संस्थेत पुढे राजेंद्र सिंह नावाचा एक तरुण आला. आयुर्वेदाचे शिक्षण घेतलेला हा तरुण १९८० साली राष्ट्रीय सेवा स्वयंसेवक या नात्याने सरकारी कामावर रुजू झाला होता आणि दौसा भागातील प्रौढशिक्षणाच्या वर्गांची देखरेख त्याच्याकडे होती. म्हणजे विद्यार्थिदशा आणि स्वतंत्र कार्य यांच्यामधली एक पायरी त्याला शासनाने दिली होती, आणि ती त्याच्या पायाखाली काही वर्षे टिकली. त्यानंतर त्याने नोकरी सोडली, घरातील सामानसुमान विकून २३,००० रुपये उभे केले आणि चार मित्रांसह एका बसमध्ये बसून शेवटच्या थांब्यापर्यंतचे तिकीट काढले. २ ऑक्टोबर १९८५ रोजी अलवर जिल्ह्याच्या थानागाजी तहसिलीतील किशोरी या गावी ते पाच जण उतरले, तेव्हा त्यांच्यापाशी उत्साह होता, औषधे होती, रात्रीची शाळा चालवण्याची इच्छा होती. काम मात्र नव्हते. गावकरी त्यांच्याकडे संशयाने पाहत होते, आणि त्यात गावकऱ्यांचा दोष नव्हता.

काम दिले ते जवळच्या गोपालपुरा गावच्या मांगू मीणा या वृद्धाने. औषध आणि शाळा या गोष्टी नंतर, आधी पाणी, आणि पाणी हवे असेल तर कुदळ-फावडे हाती घ्या, अशा अर्थाचे त्याचे सांगणे होते. पदवीधर तरुणांना सल्ला द्यायचा असतो, शिकवायचे असते, सभा भरवायची असते. माती खणण्याची अपेक्षा घेऊन ते आलेले नसतात. राजेंद्र सिंहांच्या सोबत्यांपैकी काही जण येथे थांबले आणि निघून गेले. त्यांना मी नावे ठेवणार नाही. त्यांनी जे सोडले ते सोडण्याची मुभा त्यांना होती; किंबहुना प्रत्येक पिढीत असेच होते, आणि जे उरतात त्यांच्यावरच पुढचा हिशेब मांडावा लागतो.

मांगूने घालायला सांगितला तो जोहड म्हणजे काय हे ज्यांनी पाहिलेले नाही त्यांच्यासाठी थोडे सांगतो. अरवलीच्या बोडक्या उतारांवरून पावसाचे पाणी घटकाभरात वाहून जाते. ते जेथे एकवटते अशा खोलगट जागेच्या खालच्या अंगाला अर्धचंद्राकृती मातीची पाळ घालतात, वरची बाजू पाण्यासाठी मोकळी ठेवतात, आणि जादा पाण्याने पाळ फुटू नये म्हणून एका कडेला सांडवा राखतात. सिमेंट लागत नाही, कंत्राटदार लागत नाही. लागते ती जागेची अचूक पारख, आणि ती पुस्तकात नसते, गुरे राखणाऱ्या म्हाताऱ्याच्या पायांत असते. साठलेले पाणी जमिनीत मुरते, खालच्या अंगाच्या विहिरींना पाझर फुटतो, आणि पाणी ओसरल्यावर तळ्याच्या पोटात गहू किंवा हरभरा पेरता येतो. एका जोहडाने एक विहीर जिवंत झाली, ती पाहून शेजारच्या गावाने दुसरा घातला, आणि असे करीत नव्वदीच्या दशकाच्या मध्यावर पावसाळ्यानंतर आटणारी अरवरी नदी बारमाही वाहू लागली. १९९९ साली तिच्या काठच्या सत्तरहून अधिक गावांनी पाण्याच्या वापराचे नियम ठरवण्यासाठी अरवरी संसद स्थापन केली. मार्च २००० मध्ये राष्ट्रपती के. आर. नारायणन या मुलखात येऊन गेले. २००१ चा मॅगसेसे पुरस्कार आणि २०१५ चा स्टॉकहोम जल पुरस्कार राजेंद्र सिंहांकडे चालत आला. तथापि त्याच २००१ साली याच जिल्ह्यातील लावा का बास येथे गावकऱ्यांनी बांधलेला बंधारा पाटबंधारे खात्याने बेकायदा ठरवला होता, हेही येथे नमूद केले पाहिजे. कारण शिबिरात ज्यांना श्रमदानाबद्दल दाखला मिळतो त्यांना श्रमदानाबद्दल नोटीसही मिळू शकते, आणि ती मिळाल्यावर पाठीशी कोण उभा राहील हे कोणत्याही नेतृत्व-वर्गात शिकवले जात नाही.

जयपूर शहरातही एक गोपालपुरा आहे. त्या नावाच्या बायपास रस्त्यावर स्पर्धापरीक्षांच्या शिकवणी-वर्गांची रांग लागली आहे. सीकर, नागौर, बाडमेरहून आलेली मुले तेथे एकेका खोलीत तिघे-चौघे राहतात, मेसचे जेवतात आणि पटवारी, शिक्षक, उपनिरीक्षक, तहसीलदार या जागांच्या परीक्षा देत राहतात. शिबिरातला तरुण पुढे कोठे जातो, या प्रश्नाचे सर्वांत प्रामाणिक उत्तर हेच आहे की तो बहुतांशी येथे येतो. त्याला मी ध्येयच्युत म्हणणार नाही. ज्याच्या वडिलांनी जमीन गहाण टाकून त्याला शहरात ठेवले आहे, त्याने त्यागाच्या गोष्टी ऐकून परत खेड्यात जावे, अशी अपेक्षा बाळगण्याचा अधिकार पोटभर जेवून व्याख्यान देणाऱ्या पाहुण्याला नाही. आम्हां जयपूरच्या मराठी कुटुंबांतही मुलाने समाजकार्याचे नाव काढले की आई प्रथम विचारते, जेवणाचे काय. आणि तिचा प्रश्न रास्त आहे.

या प्रश्नाचे एक उत्तर याच राज्यात मिळालेले आहे. १९८७ साली राजसमंद जिल्ह्यातील देवडुंगरी या गावी एका साध्या घरात राहू लागलेल्या अरुणा रॉय, शंकर सिंह आणि निखिल डे यांनी १९९० मध्ये मजदूर किसान शक्ती संघटन उभे केले, तेव्हा पूर्णवेळ कार्यकर्त्याने मजुराच्या किमान वेतनाइतके मानधन घ्यावे असा दंडक त्यांनी घालून घेतला. रक्कम तुटपुंजी असेल, पण ती होती, आणि ती कशी ठरली हे सर्वांना ठाऊक होते. दुष्काळी कामावरील मजुराला हजेरीपट दाखवा म्हणून झगडणारा कार्यकर्ता स्वतः त्याच मजुरीवर जगत असल्यामुळे त्याच्या शब्दाला वजन आले. १९९७ साली जयपुरात त्रेपन्न दिवस चाललेले धरणे, २००० सालचा राजस्थानचा माहितीच्या अधिकाराचा कायदा आणि २००५ सालचा केंद्राचा कायदा ही त्या वजनाची फळे होत.

शिबिरानंतर काय, या मूळ प्रश्नाचे दुसरे उत्तर तिलोनियाचे आहे, आणि ते तरुणांना थोडे कडू वाटेल. जयपूरहून अजमेरच्या दिशेने जाताना किशनगढच्या परिसरातील या गावी १९७२ सालापासून बंकर रॉय यांची संस्था काम करीत आहे. आफ्रिकेतील अनेक देशांच्या खेड्यांतून निरक्षर वा अल्पशिक्षित आज्या तेथे सहा महिने राहून सौरदिवे जोडण्याचे आणि दुरुस्त करण्याचे काम शिकून गेल्या आहेत. भाषा परकी, अन्न परके, तरीही रंगांच्या खुणा ओळखत त्यांनी ती विद्या हस्तगत केली आणि परतल्यावर आपली गावे उजळली. तरुण पुरुषांऐवजी आज्यांची निवड का, याचे कारण संस्थेने स्पष्ट सांगितले आहे: हाती प्रमाणपत्र पडले की तरुण शहराकडे निघतो, आजी गाव सोडत नाही. म्हणून तेथे प्रमाणपत्र दिलेच जात नाही. सर्व तरुणांना वगळण्याइतका मी निराश नाही. परंतु दाखला हा निघून जाण्याचा परवाना ठरतो, हे तिलोनियाचे निरीक्षण आमच्या शिबिर-संयोजकांनी गांभीर्याने घ्यावे.

महाराष्ट्राच्या वाचकाला या ठिकाणी गडचिरोलीतील मेंढा (लेखा) आठवल्याशिवाय राहणार नाही. छात्र युवा संघर्ष वाहिनीतून घडलेले मोहन हिराबाई हिरालाल तेथे गेले. परंतु गावाला वाट दाखवणारे देवाजी तोफा गावातलेच होते, आणि अभ्यासगटात बसून सर्वसहमतीने निर्णय घेण्याची वहिवाट गावाने स्वतः पाडली. २००९ साली सुमारे १,८०० हेक्टर जंगलावरचा सामूहिक हक्क त्या गावाला मिळाला. बाहेरून आलेला तरुण आणि गावातला जाणता माणूस यांची अशी गाठ पडते, तेव्हाच सेवा मूळ धरते. मांगू मीणाच्या गोपालपुऱ्याला तेच झाले होते. शिबिरांनाही असे मूळ धरता येते. २७ ऑक्टोबर २०२१ रोजी याच जयपुरात ज्यांनी अखेरचा श्वास घेतला त्या एस. एन. सुब्बराव यांनी देशभर असंख्य युवक-शिबिरे घेतली, पण त्यांच्या शिबिरांना चंबळच्या खोऱ्यातील जौरा येथील आश्रमाचे ठाणे होते. १९७२ साली बागी म्हणवणारे दरोडेखोर जेथे शस्त्रे खाली ठेवून गेले, तेथे तरुणाला कित्येक वर्षांनंतरही परत जाता येत असे.

म्हणून माझी मागणी फार मोठी नाही. विद्यापीठाने दरसाल नवे गाव दत्तक घेण्याची पद्धत बंद करावी आणि एकाच गावाशी दहा वर्षे नाते ठेवावे. कोणते काम हाती घ्यायचे हे कार्यक्रम-अधिकाऱ्याने न ठरवता ग्रामसभेने ठरवावे. आणि प्रत्येक शिबिरातून ज्या दोघा-तिघांना मागे राहण्याची इच्छा असेल त्यांना तीन वर्षे राज्याच्या किमान वेतनाइतकी वृत्ती मिळावी. केंद्राच्या युवा-स्वयंसेवकांना जे दरमहा ५,००० रुपयांचे मानधन मिळत आले आहे, त्यात जयपुरातील खोलीचे भाडे आणि मेसचा खर्च भागत नाही, हे मंजुरी देणाऱ्यांनाही ठाऊक आहे. दाखला शिबिराच्या समारोपात न देता तिसऱ्या वर्षाच्या अखेरीस, गावकऱ्यांच्या सहीने द्यावा.

आणि जे नोकरीत गेले त्यांचीही नोंद ठेवावी, कारण ते हरवलेले नाहीत. गोपालपुरा बायपासवर अभ्यास करून पटवारी झालेल्या मुलीने सलग दोन वर्षे एकाच गावाच्या जोहडावर माती टाकलेली असेल, तर उद्या तिच्या टेबलावर एखाद्या गावच्या बंधाऱ्याचे प्रकरण बेकायदा बांधकाम म्हणून येईल तेव्हा, अहवाल लिहिण्यापूर्वी ती पाळ पाहायला स्वतः जाईल आणि ती कोणी, कशासाठी घातली हे गावाला विचारील.